बिनबिल्ल्याचा खांब

बारा वाजून चाळीस मिनिटांनी शेंदोळीतले सगळे फोन एकदम बोलायला लागले. आवाज बाईचा होता, शांत होता, आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारत होता. सहाव्या खांबाखालचा डोंगर सरकतो आहे. मधल्या वाडीने पंधरा मिनिटांत घरं सोडावीत. ओहोळ ओलांडून शाळेत जावं. पुढची सूचना येईपर्यंत शाळेतून बाहेर पडू नये.

हेमांगी मापारी त्या वेळी ओहोळाच्या वरच्या अंगाला, गुडघाभर गवतात उभी होती. डोंगर सरकल्याचा इशारा देणाऱ्या लाइनीची तपासनीस म्हणून गेलं वर्षभर तिची हीच नोकरी होती: खांबांभोवतीचं गवत काढायचं, पेट्यांची झाकणं घट्ट आहेत की नाही बघायचं, तारेचे जोड पुसायचे. गजर झाला की तपासनिसाने डोंगर उतरायचा, असा नियम होता. ती उतरायला लागलीही. तेवढ्यात तिचं लक्ष पाण्याकडे गेलं.

ओहोळाला दोन्ही काठांवरून एकेक झरा मिळत होता. वाडीच्या अंगाचा झरा पावसातही नितळ होता. शाळेच्या अंगाचा मात्र आंबिलीसारखा घट्ट आणि तांबडा झाला होता.

डोंगर हलायच्या आधी पाणी रंग बदलतं, हे तिला वडिलांनी, आबांनी, ती पाच वर्षांची असताना सांगितलं होतं. मग सहाव्या खांबाखालचं पाणी इतकं स्वच्छ कसं?

गजर सुरू झाला की साधे फोन बंद पडत. लाइनीच्या आवाजाला वाट मोकळी राहावी म्हणून तशी सोय केलेली होती. हेमांगीने कमरेची वॉकीटॉकी काढली.

"नाझिमाआपा, ऐकू येतंय?"

"येतंय. तू खाली कुठपर्यंत आलीस?" नाझिमा परकार ग्रामपंचायतीत लाइनीच्या संगणकापुढे बसत असे. पंधरा वर्षं दाखले लिहिले, आता डोंगराचे दाखले लिहिते, असं ती स्वतःच म्हणे.

"खाली नाही आले. सहाव्या खांबाकडे चाललेय."

"वेडी आहेस का गो? तोच तर सरकतोय."

"आकडे काय म्हणतात?"

"सहाचा कल दर पाच मिनिटांनी वाढतोय. बाकीचे गप्प. हेमांगी, मागे फिर."

हेमांगी चढायला लागली. चढण तिच्या पायाखालची होती.

खांडेधार डोंगराच्या उतारावर असे चौदा खांब होते, साठ-साठ मीटरवर एक, बाजाराच्या टोकापासून थेट पल्याडच्या कड्यापर्यंत. खांब म्हणजे नुसती खूण. खरं काम जमिनीत वीस मीटर खोल गेलेल्या नळीतला संवेदक करत असे. नळी किती कलली हे तो मोजे आणि आजूबाजूच्या मातीत पाण्याचा दाब किती हेही मोजे. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात, म्हणून डोंगर उभा राहतो. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की ते एकमेकांवरून उचलले जातात, पकड सुटते आणि डोंगर स्वतःच्याच वजनाने निघतो. निघण्याआधी तो तासभर तरी किंचित कलत राहतो. तेवढा तास पकडण्यासाठी लाइन होती.

आधी बिनतारी संवेदक लावून झाले होते. ओली झाडं आणि डोंगरावर उतरलेले ढग यांच्यामुळे ते नेमके पावसातच मुके होत. म्हणून शेवटी तार टाकली. एकाच तारेवर चौदा संवेदक. सगळे एकदम बोलले तर कालवा होईल, म्हणून संगणक वर्गातल्या हजेरीसारखी एकेकाला नंबराने हाक मारतो आणि ज्याचा नंबर असेल तोच उत्तर देतो. उत्तर कुठून आलं हे मात्र संगणकाला कळत नाही. त्याला फक्त नंबर कळतो. तो नंबर डोंगरावर कुठे आहे, हे तो नकाशात बघतो.

सहावा खांब सरळ उभा होता. हेमांगीने भोवतीचं गवत पायाने दाबून पाहिलं. जमीन घट्ट होती, भेग नव्हती. खांबावर अॅल्युमिनियमचा बिल्ला होता आणि त्यावर ठळक सहा. ती नळीच्या तोंडाशी बसली.

"आपा, पडद्यावर लक्ष ठेवा. मी सहाला ठोकतेय."

तिने तार कापायच्या पकडीच्या मुठीने नळीवर तीन ठोके मारले.

"काय हललं?"

वॉकीटॉकीत नुसती खरखर होती.

"आपा?"

"परत मार."

तिने परत मारले.

"सात," नाझिमा म्हणाली. "तू सहावर आहेस ना नक्की? इथे सात उड्या मारतोय. सहा आपला आपल्याच चालीने वाढतोय."

हेमांगी पावसात तशीच बसून राहिली. बिल्ल्याचा सहा तारेसाठी सात होता. म्हणजे तारेसाठी जो सहा, त्याच्या बिल्ल्यावर पाच असणार. पाचवा खांब ओहोळाच्या दुसऱ्या काठावर होता आणि त्याच्या बरोबर खाली शाळा होती.

गेल्या वर्षी तीन नंबर दोन दिवस गप्प झाला होता. ती तिसऱ्या खांबावर गेली, पेटी उघडली, सगळं ठीक होतं. जोड पुसून ती परत आली, तोवर ऊन पडलं आणि तीन बोलायला लागला. आपणच दुरुस्त केलं असं तिला वाटलं होतं.

मग तिला घरातला देव्हारा आठवला. देवांच्या टाकांच्या मागे, तांदळाच्या वाटीत आबांनी ठेवलेले नऊ बिल्ले. वरच्याच बिल्ल्यावर चौदा.

आबा, म्हणजे दगडू मापारी, जन्मभर खळ्यावर भात मापत आले होते. मोजमापात पंचक्रोशीत त्यांच्यापुढे कुणी जात नसे. लाइन टाकणाऱ्या कंपनीला डोंगर ओळखणारा आणि चोख मोजणारा माणूस हवा होता. आबांनी त्यांना दोन वर्षांत नऊ डोंगरांवर बिल्ले लावून दिले. खळ्यावर पहिली पायली देवाची असते. ती वेगळी ठेवायची, मोजायची नाही. मोजणी दुसऱ्या पायलीपासून.

"आपा, साळवींना फोन लावा. शाळेवरचा डोंगर सरकतोय म्हणावं, वाडीवरचा नाही. खांबांचे नंबर एकाने चुकलेत."

नाझिमाने जिल्ह्याच्या दरड कक्षाला तारेच्या फोनवरून लावलं आणि वॉकीटॉकी रिसिव्हरजवळ धरली. कक्षातल्या साळवींचा आवाज पातळ होऊन डोंगरावर पोचला.

"मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण गजर चालू असताना नकाशाला हात लावता येत नाही. मला नाही, जिल्हाधिकाऱ्यांना नाही, कुणालाच नाही. का ते तुम्हाला माहीत आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरावर इशारा येऊनही एका अधिकाऱ्याने तो खात्री करण्यासाठी दोन तास दाबून ठेवला होता. त्यानंतर कायदा झाला. गजर झाला की लाइन सांगेल ते.

"दोन तज्ज्ञांच्या सह्या लागतील," साळवी म्हणाले. "मी मागवतो. तीन तास धरा."

"डोंगर तीन तास थांबणार आहे का?" हेमांगीने विचारलं.

साळवींनी सह्यांसाठी दुसरा फोन फिरवायला घेतला.

"आपा," हेमांगी म्हणाली, "तुम्ही शाळेत जा. लोकांना बाहेर काढा. मी वरूनच येते."

ग्रामपंचायतीपासून शाळा पाच मिनिटांवर होती. तेवढ्या वेळात हेमांगी ओहोळ ओलांडून पाचव्या खांबापाशी पोचली आणि तिथेच थबकली. हा खांब नजरेला कळेल इतका वाकला होता. त्याच्या वरच्या अंगाला जमिनीत हातभर रुंद भेग पडली होती. भेगेच्या दोन्ही काठांमध्ये गवताची मुळं दोऱ्यांसारखी ताणलेली होती आणि ती बघत असताना त्यातलं एक तुटलं. खाली, दोनशे मीटरवर, शाळेचं निळं छप्पर दिसत होतं.

वॉकीटॉकी खरखरली.

"कुणी उठायला तयार नाही," नाझिमा धापा टाकत होती. मागून शाळेच्या कर्ण्यातून तोच शांत आवाज येत होता, इथेच थांबा, इथे तुम्ही सुरक्षित आहात. "यमुनाकाकू म्हणते, लाइनीने दोन वेळा वाचवलं, तुझं कशाला ऐकू? आणि तुझे आबाच दारात बसलेत. म्हणतात, मोजणी माझ्या हातची आहे, चुकायची नाही."

"आबांना द्या."

"काय गो बाय?" आबांचा आवाज मजेत होता. त्र्याहत्तर माणसं भोवती असली की त्यांना बरं वाटे. "भिजतेस कशाला? खाली ये."

"आबा, पहिल्या खांबाला कुठला बिल्ला लावलात?"

"पहिल्याला बिल्ला कसा लावणार? तो देवाचा. कुंकू लावलं, नारळ फोडला. दुसऱ्यापासून एक."

"तारेतले नंबर पहिल्यापासून आहेत, आबा. ते कारखान्यातूनच घालून आले होते."

"असतील. माझे बिल्ले क्रमाने आहेत की नाही? एक तरी मागेपुढे झालाय का, दाखव."

"क्रमानेच आहेत. पण तुम्ही बसलाय ना, तिथला डोंगर—"

"हेमा, मी चाळीस वर्षं मोजतोय."

त्यांनी वॉकीटॉकी नाझिमाला परत दिली. लाकडी बाकावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा कर्ण्यातली बाई.

चूक पूर्ण कशी झाली, हे हेमांगीला आता स्वच्छ दिसत होतं. खांब उभे राहिल्यावर ड्रोनने वरून बिल्ले वाचले. एक ते तेरा मिळाले. एक खांब बिनबिल्ल्याचा होता आणि एक नंबर उरला होता. यंत्राने दोन्हींची जोडी लावून टाकली आणि पहिल्या खांबाला चौदावा म्हणून नकाशात बसवलं. आबांनी आपल्या हिशेबाने काही चुकवलं नव्हतं. यंत्रानेही नाही.

लाइन कुणाचं ऐकत नव्हती. पण लाइन तारेचं ऐकत होती.

दर मिनिटाला संगणक तारेत एक बारीक ठोका सोडत असे. तार धड असेल तर तो शेवटच्या खांबाशी जिरून जाई. तुटलेली असेल तर तुटल्या जागेवरून मागे उलटे, विहिरीत हाक मारल्यासारखा. परत यायला लागलेल्या वेळावरून तार कुठे तुटली ते संगणकाला मीटरभराच्या फरकाने कळे. ऑफिसात कुणी वायर उपटली तर तो ती चूक समजे आणि आधीची सूचना चालू ठेवी. डोंगरावर तुटली तर मात्र तुटल्या जागेपासून पुढचे सगळे खांब गेले असं धरी. सावधगिरी म्हणून तसं ठरवलेलं होतं. पहिल्या खांबाशी तुटली तर सगळाच डोंगर गेला.

गजर चालू असताना तार तोडण्याला सात वर्षांची शिक्षा होती. तारेशिवाय डोंगर आंधळा होणार होता, हेही खरं होतं. आपलं चुकत असेल तर मधली वाडी, शाळा, बाजार सगळेच पुलाच्या एकाच रस्त्यावर, पावसात, उघड्यावर येणार होते. हेमांगीने भेगेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मघाच्या मुळाशेजारची आणखी चार तुटली होती.

पाचव्यापासून पहिल्यापर्यंत तीनशे मीटर. भेग पाऊलवाटेतूनच गेली होती, म्हणून तिने वरून वळसा घेतला, करवंदीच्या जाळीतून. चौथ्या खांबापाशी तिचा पाय सरकला आणि ती दहा हात खाली घसरत गेली. उठताना पकड हातात आहे ना, हे तिने आधी पाहिलं. तिसरा. दुसरा. एक. आणि त्याच्या पुढे साठ मीटरवर एक खांब, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पावसाने कुंकू धुऊन गेलं होतं, खाचेत थोडा लाल रंग उरला होता. पायथ्याशी करवंटी होती.

तिने पेटी उघडली. बोटाएवढी जाड काळी तार, आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. तिने पकड लावली आणि दाबली. पहिल्या दाबात तुटली नाही. दुसऱ्यात तुटली.

एक मिनिट काही झालं नाही. मग दुसरं. तीनदा ठोका परत आल्याशिवाय लाइन खात्री मानत नसे.

तिसऱ्या मिनिटाला खालून भोंगा वाजला आणि कर्ण्यातल्या बाईने त्याच शांत आवाजात वाक्य बदललं. सर्व खांब निकामी. संपूर्ण शेंदोळी रिकामी करा. पूल ओलांडून बाजार समितीच्या गोदामात जा. पुलावरचा अडसर उचलला आहे.

निळ्या छपराखालून माणसं बाहेर पडताना तिला दिसली. लहान लहान छत्र्या. लाइनीने सांगितल्यावर कुणी एक क्षण वाया घालवला नाही.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी पाचव्या खांबाखालचा डोंगर आला. आवाज गोदामापर्यंत पोचला. निळं छप्पर पत्त्यासारखं उचललं गेलं आणि मग दिसेनासं झालं. मधल्या वाडीतल्या एका घराचं कौलही हललं नाही.

गोदामात भाताच्या रिकाम्या पोत्यांवर लोक बसले होते. कुणीतरी चहा फिरवत होतं. "लाइन होती म्हणून," यमुनाकाकू ज्याला त्याला सांगत होती. आबा खांबाला टेकून बसले होते आणि लोक येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते, कारण बिल्ले त्यांनी लावले होते.

हेमांगी डोंगर उतरून आली तेव्हा गोदामातल्या फोनवर साळवी होते. "मॅडम, तार दरडीने तुटली असं मी अहवालात लिहितोय. पहिल्या खांबाशी तुटली आणि दरड पाचव्यापाशी आली, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. सही तेवढी पाठवा. विषय संपला."

ते भल्यासाठीच बोलत होते. पकड हेमांगीच्या खिशात होती. ती सही करू शकत होती. तिची नोकरी राहिली असती, आबांचं नावही. पण देव्हाऱ्यात नऊ बिल्ले होते. त्यातला एकच शेंदोळीचा.

"एक मिनिट धरा," ती म्हणाली आणि आबांपाशी जाऊन बसली.

तिने आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. आधी ते हसत होते. मग चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"म्हणजे पहिलं माप बाजूला ठेवलं," आबा सावकाश म्हणाले, "आणि घेणाऱ्याने ते धरून मोजलं."

"हो."

"शाळेत मी कुणाला उठू देत नव्हतो."

हेमांगीने त्यांचा कप बाजूला सरकवला.

"नऊ डोंगर," आबा म्हणाले. "फोन दे."

त्यांनी रिसिव्हर दोन्ही हातांत धरला. "साहेब, दगडू मापारी बोलतोय. बिल्ले मी लावलेत. लिहून घ्या." आणि ते एकेक गाव सांगत गेले. वहीची त्यांना गरज नव्हती. "वाघिवरे, खांब अकरा. पहिल्याला बिल्ला नाही. तुमच्या नकाशात तो अकरावा असेल. तुमचे सगळे एकाने पुढे आहेत. तांबडगाव, अठरा. तसंच. कोंडसरी, नऊ—"

"थांबा," साळवी म्हणाले. कागदांचा आवाज आला. "कोंडसरीला साडेतीनला गजर झालाय."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते.

"कितवा खांब?" आबांनी विचारलं.

"चौथा."

"म्हणजे बिल्ल्याचा तिसरा. तिसऱ्याखाली समाजमंदिर आहे."

साळवी म्हणाले, "लोक तिथेच ठेवलेत."

आबांनी हेमांगीकडे पाहिलं. तिने तोंड रिसिव्हरजवळ नेलं. "साळवीसाहेब, तिथल्या तपासनिसाकडे पकड असेल. पहिल्या खांबापाशी जायला सांगा. ज्याला बिल्ला नाही, त्या."

"तार तोडा असं मी सांगू शकत नाही."

"तुमच्या अहवालात लिहा, शेंदोळीची तार मी तोडली. हेमांगी दगडू मापारी. पूर्ण नाव लिहा."

पुन्हा कागदांचा आवाज. मग साळवी कोरड्या स्वरात म्हणाले, "नियमित चौकशीसाठी मी तुमचा फोन कोंडसरीच्या तपासनिसाच्या वॉकीटॉकीला जोडतोय. मी दोन मिनिटं बाहेर जातो."

पलीकडे वारा होता, पाऊस होता आणि एका धास्तावलेल्या माणसाचा आवाज होता. आबा त्याच्याशी बोलले. जांभळीच्या झाडापासून वर, मग डावीकडे, कुंकवाची खूण असेल. तो माणूस दोनदा म्हणाला, माझी नोकरी जाईल. आबा दोनदा म्हणाले, माझं नाव सांग. मग तो चालायला लागला असावा, कारण फक्त श्वास ऐकू येत राहिला. गोदामातले सगळे एव्हाना फोनभोवती जमले होते. यमुनाकाकू तोंडाला पदर लावून उभी होती.

"इथे एक खांब आहे," तो माणूस म्हणाला. "पण यावर नंबर नाही."

"त्याला हात लाव," आबा म्हणाले.

"लावला."

आबांचे ओठ हलले, पण शब्द लगेच आला नाही. खळ्यावर, गोदामात, डोंगरावर, जन्मात त्यांनी तो पहिल्यावर कधी वापरला नव्हता.

"एक," ते म्हणाले. "तोड."

चार वाजून बारा मिनिटांनी साळवी परत फोनवर आले. कोंडसरीची लाइन तुटली होती आणि माणसं समाजमंदिरातून निघाली होती.

"किती माणसं?" आबांनी विचारलं.

"यादीत एकशे सात."

"यादी राहू दे, साहेब," आबा म्हणाले. "बाहेर आली की मोजून घ्या. पहिल्या माणसापासून."